हद्दीतले सुख
मौजे सुलतानपूर, तालुका लोणार, येथील गृहस्थास रविवारच्या आनंदासाठी तालुक्याची हद्द ओलांडावी लागत नाही. पहाटे निखाऱ्यांवर ज्वारीची भाकरी टम्म फुगावी, हिरव्या मिरच्या, लसूण आणि जाडे मीठ तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडून ठेचा करावा, ती शिदोरी फडक्यात बांधून, आदल्या रात्री ‘लीळाचरित्रा’त वाचलेले चक्रधरस्वामींचे लोणार प्रत्यक्ष पाहण्यास निघावे, आणि अशनीच्या आघाताने निर्माण झालेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठी, अखंड वाहणाऱ्या धारेचे दर्शन घेऊन सहकुटुंब जेवावे, यात अन्न, ग्रंथ आणि भूमी यांचा जो संगम घडतो, तेच मला संसारातील श्रेष्ठ ऐश्वर्य वाटते. आणि ते सामान्यातल्या सामान्य रयतेलाही लाभण्याजोगे आहे.