चार तासांची झोप म्हणजे बचत नाही, उधारी आहे



"सर, मी रोज चारच तास झोपतो. धंदा उभा करायचा तर झोप सोडावीच लागते ना?" जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. माझं मत ऐकून तो हिरमुसतो, पण मी ते बदलणार नाही. झोप कापून मिळवलेले तास उधारीचे असतात, आणि त्यावर व्याज लागतंच.

माझंच सांगतो. टॉवेलचा व्यवसाय नवीन होता. रात्री साडेबाराला एका ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर रेट पाठवला. 86 च्या जागी 68 टाइप झालं. ऑर्डर 1,200 नगांची. सकाळी उठून बघतो तर त्याचं 'कन्फर्म' आणि अ‍ॅडव्हान्स, दोन्ही आलेले. शब्द पाळला आणि 21,600 रुपये सोडले. त्या महिन्यात मी पाच तास झोपत होतो आणि "मला सवय आहे" असं सगळ्यांना सांगत होतो.

ही 'सवय' फसवी असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत ती इतकी मागे पडली, की जणू एक-दोन रात्री अजिबात झोपलीच नाहीत. आणि आपण इतके घसरलोय, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं! हिशोब चुकतोय आणि चुकतोय हे कळतही नाही, धंद्यात याहून महाग काय असेल?

मग झोप हवी किती? प्रौढ माणसाला साधारण सात ते नऊ तास. तुमचा आकडा तुम्हीच काढा. कच्चा माल किती लागतो ते काढता ना, तसंच.

लग्नसराई, दिवाळी नसेल असे दोन आठवडे निवडा. उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीही तीच. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. रोज वहीत तीन गोष्टी लिहा: कधी झोपलो, कधी उठलो, दुपारी डुलकी आली का. सुरुवातीला मागची थकबाकी फिटत असते, त्यामुळे पहिले काही दिवस धरू नका. ज्या वेळेला झोपल्यावर अलार्मच्या आधी जाग येते आणि दिवसभर डोळे मिटत नाहीत, तो तुमचा आकडा. कडक भाकरीच्या ऑर्डरसाठी पहाटे चारला उठणाऱ्या ताईंनी रात्री नऊला झोपलं, तर त्यात आळस कसला? तास मोजा, घड्याळातला आकडा नको.

सोलापुरात एके काळी गिरणीचा भोंगा हेच लोकांचं घड्याळ होतं. पाळी सुरू कधी, सुटली कधी, सगळ्या गावाला कळायचं. आपल्यासारख्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला भोंगा नाही. शटर खाली आलं तरी फोन सुरूच. म्हणून सुट्टीचा भोंगा आपणच वाजवायचा:

1. रात्री नऊनंतर 'अवे मेसेज' लावा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ती सोय आहे. "सकाळी 9 वाजता उत्तर देतो" एवढं पुरे. चांगला ग्राहक थांबतो.
2. रात्री दहानंतर रेट, चेक, करार काही नाही. माझे 21,600 आठवा.
3. शेवटचा चहा दुपारी चारला. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात असतो.
4. उद्या कुणाचं पेमेंट, कुणाची उधारी, हे झोपण्यापूर्वी कागदावर लिहा. डोक्यातली यादी उतरली की डोळा लागतो.
5. आपल्याकडे मे महिन्यात खोली रात्रीही तापलेली असते. गच्ची, कूलर, झोपण्यापूर्वी अंघोळ, जे जमेल ते करा. दुपारी दुकान शांत असेल तर 20 मिनिटांची वामकुक्षी घ्या, पण तीनच्या आत.

"सर, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला तर?" तेव्हा जागा की! सीझनला जागरण होणारच. पण सीझन बारा महिने चालवू नका. आणि रात्रभर जागून पहाटे पुण्याला माल घेऊन स्वतः गाडी चालवत जाऊ नका. रेटची चूक पैशात भरून निघते, हायवेवरची नाही.

पुरेसं झोपूनही थकवा जात नसेल, घरचे म्हणत असतील की घोरताना तुमचा श्वास अडकतो, किंवा कित्येक आठवडे झोपच लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. मशीन बिघडलं की मेकॅनिक लगेच बोलावता, आणि हे मशीन तर बदलूनही मिळत नाही.

छोट्या धंद्यात मालक, अकाउंटंट, सेल्समन सगळं एकच डोकं असतं. ते डोकं झोपलं नाही, तर सगळा स्टाफ अर्धवट झोपेत कामावर आला असं समजा. आज रात्री एकच करा. वही उशाशी ठेवा आणि झोपायची वेळ लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. फ्रेश होऊन या!