बुडवण्याची ऐपत

इनोव्हेशन शिकवायला आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. म्हणे, ग्रामीण माणसाला रिस्क घ्यायची सवय नाही. ढोकीत उभं राहून हे बोलायला एक तर धाडस लागतं, नाहीतर अज्ञान. धाडसाबद्दल मला शंका आहे.

तेरणा सहकारी साखर कारखाना याच शिवारात उभा राहिला. मराठवाड्यातला पहिला सहकारी साखर कारखाना अशी त्याची ओळख. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो डाव मांडला, तोच आमच्या लोकांनी दुष्काळी मुलखात मांडला. शेतकऱ्याचे शेअर्स, सरकारचं भागभांडवल, वर बँकेचं कर्ज. सहकारात उसाच्या बिलातून ठेवी कापतात, त्यात परतीची ठेव असते तशी बिनपरतीचीही असते. पाऊस येईल का, पाणी पुरेल का, साखरेला भाव राहील का, काहीच माहीत नसताना माणसांनी पैसे घातले. आज यालाच सीड फंडिंग म्हणून टाळ्या पडतात. शेजारच्या तेरहून, म्हणजे जुन्या तगरहून, दोन हजार वर्षांपूर्वी गाड्या भरून कापड भडोचला जात होतं, हे ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलेलं आहे. आणि आम्हाला मार्केट लिंकेज शिकवायचं!

रिस्क बघायचीच असेल तर हंगामाआधी ऊसतोड टोळीची उचल देताना बघा. मुकादमाच्या हातात लाखांनी रुपये जातात. टोळी आली तर आली. नाही आली तर फोन बंद, ऊस उभा, आणि वाहतूकदार डोक्याला हात लावून ट्रॅक्टरच्या हप्त्याची तारीख मोजतोय. याला कुणी एंजल इन्व्हेस्टर म्हणत नाही.

मग तेरणा कारखाना कर्जात रुतला, जिल्हा बँकेच्या ताब्यात गेला, वर्षानुवर्षं बंद राहिला आणि अखेर भाडेपट्ट्यानं खासगी हातात गेला. त्या काळात तोडीची चिठ्ठी देणाऱ्या दुसऱ्या कारखान्यांच्या चिटबॉयपुढं हात जोडत फिरणं काय असतं, ते मला विचारा. तोड लांबते, उसाला तुरा फुटतो, आतून पोकळ पडतो, आणि काट्यावर वजन बघून ट्रॅक्टरवालाही मान फिरवतो.

सहकाराची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. राज्यात कितीतरी कारखाने चेअरमनच्या निवडणुकीसाठी चालले, नोकरभरती मतांच्या हिशेबानं झाली, आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारणाऱ्याचा माइक बंद झाला. पैसे घालणाऱ्याला हिशेब मागता आला नाही, तिथंच घात झाला. कळंब तालुक्यात रांजणीला बी. बी. ठोंबरे यांनी कंपनी कायद्याखाली नॅचरल शुगर चालवून दाखवला, तेव्हा दोष उसाचाही नव्हता आणि मातीचाही नव्हता.

पण बुडण्याचा न्याय बघा. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज या स्टार्टअपची किंमत 2022 साली 22 अब्ज डॉलर सांगितली जायची. 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि प्रोसससारख्या बड्या गुंतवणूकदारानं आपल्या वाट्याची किंमत शून्य लिहून पुढचं पान उलटलं. दहातले आठ बुडणारच, एक-दोन सगळं भरून काढतील, हा अशा गुंतवणूकदारांचा उघड हिशेबच आहे. ढोकीच्या शेतकऱ्याकडे दहा डाव नाहीत. त्याचा एक गेला की नाव थकबाकीदारांच्या यादीत. तिकडे अपयशाला अनुभव म्हणतात, इकडे बँकेचा माणूस दारात येतो.

बरं, त्यांचा पैसा आमच्याकडे यावा अशी सोय तरी आहे का? 2016 च्या स्टार्टअप इंडियाच्या व्याख्येत खासगी कंपनी बसली, एलएलपी बसली, भागीदारी संस्था बसली. सहकारी संस्थेला जागा नव्हती. शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर फक्त उत्पादकाचा, त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार दारातूनच परत. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सनं 2022 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांकडून 310 कोटी उभे केले, तेही वेगळी उपकंपनी काढूनच. तेवढे वकील आणि सनदी लेखापाल पोसण्याची ताकद किती गटांकडे आहे? शिवाय फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. आत येण्याआधीच बाहेर कसं पडायचं ते ठरलेलं. आमची जमीन, विहीर, ऊस घेऊन आम्ही कुठं पडणार बाहेर?

सरकारचा हात सैल सुटतो तेव्हाही दिशा तीच. स्टार्टअपसाठी सिडबीकडे 10 हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स. उत्पादक कंपनीला समभाग अनुदान जास्तीत जास्त 15 लाख, तेही सभासदांनी तितकेच घातले तर. 15 लाखांत पत्र्याचं गोडाऊन उभं राहतं. त्यात भरायला सोयाबीन घ्यायला पैसे उरत नाहीत, म्हणून सभासदच हंगामात आडत्याच्या काट्यावर माल टाकून मोकळे होतात. ते खेळतं भांडवल वीस वर्षांच्या मुदतीनं, एका सभासदाला एकच मत हा नियम मान्य करून, घालायला कुणी तयार असेल तर त्यानं अवश्य यावं. प्रोजेक्टर आणला नाही तरी चालेल.