पंख पसरण्यापूर्वी

सुरतेनजीकच्या हजीरा येथून खंबायतच्या आखातापलीकडे घोघ्याला जाणारी रो-पॅक्स बोट ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटर पडणारे अंतर तिने ९० किलोमीटरवर, आणि दहा-बारा तासांचा प्रवास सुमारे चार तासांवर आणला. एका खेपेस ५०० उतारू, १०० मोटारी व ३० मालमोटारी नेण्याची तिची क्षमता. हेच आखात सुरतेच्या हिरे-व्यापाऱ्यांच्या पाठबळावर उभी राहिलेली व्हेंच्युरा एअरकनेक्ट ही छोटी विमान कंपनी २०१४ पासून ओलांडू लागली, ती ९ उतारूंच्या सेसना विमानातून. २०२२ च्या आरंभी तिने शासकीय साहाय्याने भावनगर, अमरेली, राजकोट व अहमदाबाद सुरतेशी जोडली. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु चार गावे हाती आली की चौदा गावांचे वेध लागावेत, हा अशा कंपन्यांचा जुना रोग आहे.

गोमंतकीयांना या प्रश्नाचे वावडे असण्याचे कारण नाही. दीव बेट १९८७ पर्यंत आपल्याच प्रदेशाचा भाग होते. गोवा, दमण व दीव यांना हवाई मार्गाने बांधण्यासाठी पोर्तुगीज राजवटीने १९५५ मध्ये स्वतंत्र विमानसेवा काढली. तिच्यामागे लोकांच्या सोयीपेक्षा राजकीय हट्ट अधिक होता आणि डिसेंबर १९६१ मध्ये राजवटीबरोबरच ती संपली. स्वतंत्र भारतात १९८१ मध्ये ईशान्येसाठी ‘वायुदूत’ निघाली. तिला देशभर पसरविण्याचा मोह आवरला नाही. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्सच्या पदरात टाकावे लागले.

त्यानंतरची ‘उडान’ योजनाही हाच धडा देते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत टिकले अवघे ५४! अनुदान आटले की विमानही जमिनीवर येते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

नऊ आसनांच्या विमानात एक आसन रिकामे राहिले, तरी उत्पन्नाचा नववा हिस्सा बुडतो. वैमानिकाचे वेतन आणि इंधन मात्र तेवढेच लागते. अशा कंपनीने अंथरूण पाहून पाय पसरावेत. नवी गावे जोडण्याआधी आहे त्या गावांची फेरी रोज, ठरल्या वेळी निघेल, याची हमी द्यावी. रुग्णाला सुरतेचे इस्पितळ गाठायचे असते, तेव्हा नकाशावरील रेघ त्याच्या कामी येत नाही.

शासनानेही अनुदान मार्गांच्या संख्येवर न देता प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्यांवर द्यावे, आणि रद्द फेऱ्यांचा हिशेब दरमहा जाहीर करावा. बोट व विमान ही एकमेकांची वैरी नव्हेत. मालमोटार आणि कुटुंबकबिला बोटीने जावा, निकडीचा प्रवासी विमानाने जावा, आणि एक सेवा खोळंबल्यास दुसरीने त्याला सामावून घ्यावे, अशी वेळापत्रके आखणे अवघड नाही. बेटांना व आखातापलीकडच्या गावांना उद्घाटनाच्या फिती पुष्कळ मिळाल्या. आता त्यांना हवे आहे ते उद्याचे विमान निघेलच, हे आश्वासन.