ढेपेला मोकळीक, डब्याला बेड्या

शिरूर-दौंडमधल्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिणं आणि रिटर्न भरणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे 'ग्रामीण उद्योजकाला डिजिटल साक्षर केलं पाहिजे' असं कुणी व्यासपीठावरून बोललं की माझं डोकं फिरतं. साक्षर कुणाला करताय? केडगाव-खुटबाव पट्ट्यातला गुऱ्हाळवाला वीजबिल फोनवर भरतो, मजुरांची उचल यूपीआयने टाकतो, बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीचा फोटो चढवतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकी यंत्रांवर हव्या त्या वस्तू बनवायची प्रयोगशाळा, तिथे उभी राहिली. आज अशा प्रयोगशाळा शंभराहून अधिक देशांत आहेत. त्या तालुक्याला संगणकाची ओळख करून द्यायला निघालेल्यांनी आधी पाबळला जाऊन यावं. इंटरनेट इथल्या माणसाला येतं. त्याला त्यावर धंदा करू दिला जात नाही, हे माझं म्हणणं आहे.

गेल्या हंगामात मी एका गुऱ्हाळावर हिशेबाला गेलो होतो. चुलवाणात चिपाडं रेटणारा गडी घामाने निथळत होता. गुळव्याने पाण्यात गोळी करून पाक पारखला आणि काहील उतरवायला सांगितली. ढेपा निघाल्यावर मालकाने त्यातली एक उन्हात धरून फोटो काढला आणि पुण्याच्या मार्केट यार्डातल्या आडत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच उत्तर आलं: 'कलर कमी आहे, भाव तुटेल.' मालकाने फोन लावला. "शेठ, माल डोळ्यांनी तरी बघा." तिकडून उत्तर, "टेम्पो तर पाठव, मग बघू." टेम्पो गेला. हमाली, तोलाई कापून पट्टी आली, तीही व्हॉट्सॲपवर.

दोघांकडे तोच फोन, तेच ॲप. पण आडत्याच्या फोनमध्ये परराज्यातली गिऱ्हाइकं आहेत आणि गुऱ्हाळवाल्याच्या फोनमध्ये फक्त आडत्या आहे. बापाच्या काळात 'भाव तुटला' हे टेम्पोबरोबर परतलेल्या माणसाकडून कळायचं, आता जागेवर कळतं. एवढीच काय ती प्रगती. शेतमालाच्या ऑनलाइन लिलावाची सरकारी ई-नाम यंत्रणा १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. अनेक बाजार समित्यांत आजही नोंद संगणकावर होते आणि बोली तोंडानेच लागते.

त्याच गुऱ्हाळवाल्याच्या घरातली सून कॉमर्स शिकलेली. अर्ध्या किलोचा डबा, त्यावर स्वतः काढून घेतलेलं लेबल, आणि सुरत-हैदराबादच्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन थेट विकायची तयारी, एवढं घेऊन ती माझ्याकडे आली. मी तिला नियम वाचून दाखवले. ढेप सुटी विकली तर जीएसटी शून्य. तोच गूळ डब्यात भरून लेबल लावलं की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण हा करपात्र डबा सुरतेला निघाला की पहिल्या रुपयापासून नोंदणी आणि रिटर्न. ई-कॉमर्सवरच्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली, तीही राज्याच्या हद्दीपुरती. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि वजनमापाचे नियम मला शंभर टक्के मान्य आहेत, तो खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण वर्षाला दोन-चार लाखांचा गूळ विकू पाहणाऱ्या बाईला कारखानदाराच्या रांगेत उभं करण्यात कुणाचं भलं आहे? तिने डबा पिशवीत ठेवत विचारलं, "काका, मग ढेपच बरी ना?" मला हो म्हणावं लागलं. आडत्याकडेच माल घाला, असं आपला कायदाच शिकवतो.

आता चीनकडे बघा. ज्यांगसू प्रांतातलं शाजी हे गाव टाकाऊ प्लास्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया करायचं. २००६ च्या सुमारास तिथल्या सुन हान नावाच्या तरुणाने ताओबाओ या ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान उघडलं आणि साधं लाकडी फर्निचर विकायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी त्याचं बघून दुकानं काढली, पाठोपाठ सुतारकाम, पॅकिंग, कुरिअर असे धंदे गावात उभे राहिले. चीनचा ई-कॉमर्स कायदा लागू झाला तो १ जानेवारी २०१९ ला. तोवर दुकानं चालायला लागून बारा वर्षं उलटली होती. त्या कायद्यातही स्वतः पिकवलेला, स्वतः बनवलेला शेतमाल विकणाऱ्या माणसाला धंद्याच्या नोंदणीतून स्पष्ट सूट आहे. चीनच्या राजवटीचं मला काडीचं कौतुक नाही. पण धंदा आधी रुजू द्यावा, वसुली मागून करावी, एवढी अक्कल त्यांनी दाखवली.

पैशाचं तेच. केनियात फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा २००७ मध्ये आली आणि तिच्यावर आधारलेली एम-श्वारी ही कर्जसेवा २०१२ मध्ये. फोनवरच्या उलाढालीचा इतिहास बघून छोट्या माणसाला फोनवरच कर्ज मिळू लागलं. आणि आमच्याकडे? शिरूरमधल्या माझ्या एका चहा-नाश्तावाल्या गिऱ्हाइकाच्या काउंटरवर क्यूआर आहे, पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा भोंगा आहे, दिवसभराचा गल्ला बँकेत दिसतो. कर्ज मागायला गेला तर त्याच बँकेने त्याच खात्याचा उतारा छापून, शिक्का मारून आणायला सांगितला, वर दोन जामीनदार. खातेदाराच्या संमतीने उतारा थेट बँकेला देणारी अकाउंट ॲग्रिगेटर यंत्रणा आपल्या देशात २०२१ पासून आहे. शाखेत तिचं नाव काढलं तर साहेब 'झेरॉक्स आणा' म्हणतात. यूपीआयचे आकडे मिरवणाऱ्यांनी एकदा या माणसाबरोबर बँकेत बसावं.

कारखानदारीतही हेच. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगाव एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांचं वेळापत्रक परदेशातल्या मुख्यालयाशी जोडलेलं असतं. त्यांचं जॉबवर्क करणाऱ्या शेडवाल्याला पोर्टलवर ऑर्डर घटल्याची बातमी तत्काळ मिळते. बिलाचे पैसे मात्र सावकाश येतात. बिल दाखवून आगाऊ पैसे देणारी ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था २०१७ पासून चालू आहे, पण खरेदीदार कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय तिथे एक रुपया सुटत नाही.

म्हणजे कर गोळा करायला इंटरनेट आहे, भाव पाडायला आहे, ऑर्डर कापायला आहे. आमच्या माणसाच्या हाताला बाजार मिळायची वेळ आली की नियम आडवा येतो. हे अज्ञान नाही, हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करणं अवघड नाही. स्वतः पिकवलेला, स्वतः बनवलेला माल परराज्यात ऑनलाइन विकणाऱ्यालाही ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट द्या. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राच्या मंत्र्याला बसायची जागा आहे, मत आहे. साखर कारखान्याच्या, बाजार समितीच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारा: आमच्या डब्यासाठी तुम्ही त्या मंत्र्याला तिथे कधी बोलायला लावणार? उत्तर लेखी मागा.