मुकी डबी आणि बोलके पंच

एखादी वस्तू चालेनाशी झाली की तिच्याविषयी मत देणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वानवा पडत नाही. वानवा असते ती वस्तू उघडून पाहणाऱ्यांची. हा दोष केवळ अडाण्यांचा असता तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती; परंतु तो पदवीधरांत, अध्यापकांत, दुकानदारांत, किंबहुना संगीताच्या अभिमान्यांतही तितकाच मुरलेला आहे, हे नुकतेच एका क्षुल्लक डबीच्या निमित्ताने आमच्या प्रत्ययास आले. डबी क्षुल्लक खरी. पण तिच्यापायी एका मुलाने आपल्यास विद्या जमत नाही असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन टाकला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदूरच्या पोलोग्राउंडात आता घोडे नावापुरतेच उरले आहेत. तेथील शेडींतून लेथ आणि ड्रिल फिरतात. अशाच एका शेडीत आमच्या शेजारच्या विद्यार्थ्याच्या मामांचे लहानसे वर्कशॉप आहे. त्या मुलाने मामांच्या ड्रिलवर ॲल्युमिनियमच्या डबीस भोके पाडून गिटारसाठी पायाने दाबावयाचे इफेक्ट पेडल घरीच तयार केले. महिनाभराचा खर्च वाचवून सुटे भाग आणले, नकाशा पाहून जोडणी केली. आणि कॉलेजातील कार्यक्रमास आठ दिवस उरले असता डबी काही केल्या सुरू होईना. पश्चिम मध्य प्रदेशास वीज वाटणाऱ्या कंपनीचे मुख्यालय याच पोलोग्राउंडात असावे आणि त्याच्या सावलीत नऊ व्होल्टांचा दिवा लागू नये, हा केवळ योगायोगाचा विनोद होय. त्या कंपनीचा यात काडीचाही दोष नाही, हे आम्ही वकिली सावधगिरीने आरंभीच नमूद करून ठेवतो.

ज्या वाचकांस हा पदार्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. गिटारच्या तारेतून निघणारा विजेचा क्षीण संकेत या डबीत वाढविला जातो, आणि मग डायोडांची जोडी त्याची शिखरे छाटते. शिखरे छाटली की स्वरास खरखरीत, भरदार धार येते. या आवाजाचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सचे १९६१ साली प्रसिद्ध झालेले एक गीत ध्वनिमुद्रित होत असता मिक्सरचा एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटून आला. ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तो बिघाड नुसता दूर केला नाही. तो कशामुळे झाला याचा शोध घेतला, आणि तोच आवाज मुद्दाम काढणारे मंडल रचले. १९६२ साली बाजारात आलेली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ही डबी त्यातूनच निघाली. ‘यंत्र बिघडले, फेकून द्या’ असे म्हणणारा एखादा आपला हितचिंतक तेथे हजर असता, तर साठ वर्षांच्या संगीताचा एक अध्याय लिहिलाच गेला नसता.

आता आमच्या मुलास मिळालेले निकाल पाहा. सुटे भाग विकणाऱ्याने डबी हातातही न घेता सांगितले, “आयसी उड़ गया, भैया.” मुलाने नवी आयसी आणली, डबी मुकीच. विक्रेत्याने दुसरीही उडाल्याचे जाहीर करून तिसरी विकली. कॉलेजातील एका अध्यापकांनी, घरी केलेल्या वस्तूचा भरवसा नसतो, तयार पेडल घ्यावे, असा सल्ला दिला आणि दुसऱ्याच्या नकाशावरून वस्तू बनविणे ही चोरीच असल्याची पुस्तीही जोडली. संगीताच्या एका जाणकार गृहस्थांनी तर डबी मुकी झाली याबद्दल समाधान व्यक्त केले. पंच तीन, निकाल तीन, आणि तिघांपैकी एकानेही मीटर लावून पाहिलेला नव्हता!

१८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तथापि तोंडी साक्ष ही ज्याने स्वतः पाहिले वा ऐकले त्याचीच असावी, हे जुने तत्त्व नव्या कायद्यानेही सोडलेले नाही. मग विजेच्या मंडलाबाबतच ऐकीव पुरावा का चालावा? रविवारी सकाळी आम्ही मुलासह मामांच्या शेडीत जाऊन बसलो. मामांपाशी जुना मल्टिमीटर होता.

“काका, बॅटरीवर लाइट येत नाही, अडॅप्टरवरही येत नाही,” मुलाने फिर्याद मांडली.

“बॅटरी लावलीस तेव्हा गिटारची वायर डबीत घातली होतीस काय?”

घातली नव्हती. येथेच अर्धा खटला होता. अशा बहुतेक डब्यांत बॅटरीची ऋण तार सरळ जमिनीस, म्हणजे मंडलाच्या सामायिक तारेस, जोडलेली नसते; ती इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या कड्यास जोडतात. गिटारची साधी पिन आत शिरली की ते कडे आणि बाहेरील भाग एकत्र येतात व मंडल पुरे होते. पिन काढली की बॅटरी आपोआप तुटते. बॅटरी वाया जाऊ नये म्हणून केलेली ही युक्ती आहे. परंतु ती ज्यास ठाऊक नाही तो टेबलावर नुसती डबी ठेवून तिला मृत ठरवितो. पहिल्या दिवशी ती डबी बहुधा धडधाकट होती!

आम्ही पिन घातली. तरीही दिवा नाही. बॅटरी वेगळी मोजली तर ९ व्होल्टांहून किंचित अधिक. डबीस जोडून मोजली तर काटा शून्याजवळ येऊन बसला, आणि बॅटरीस हात लावताच ती कोमट लागली. आम्ही ती ताबडतोब काढली. आता वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. सर्व पंचांचे गृहीत असे होते की वीज आत पोचत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट होती: वीज आत पोचत होती आणि वाटेतच कोणीतरी ती गिळत होते. या दोन आरोपांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात तुटलेली तार शोधावयाची; दुसऱ्यात, जेथे नको तेथे जुळलेली.

बॅटरी दूर ठेवूनच मीटरने धन आणि ऋण तारांमधली वाट तपासली. मीटर वाजला, टोके उलट केली, तरी वाजला. धन तार जेथे मंडलात शिरते तेथेच १एन४००१ हा डायोड बसविलेला होता. उलट वीज आली तर ती स्वतःवर घेऊन पुढील भागांस वाचविणे, हे त्याचे काम. त्याचा एक पाय सोडविला आणि मीटर गप्प झाला. सुटा डायोड मोजला तर तो दोन्ही बाजूंनी वाजत होता. म्हणजे पहारेकरी गतप्राण होऊन दारातच आडवा पडला होता.

त्यास मारले कोणी? मुलाने संकोचाने अडॅप्टर पुढे केला. घरातील इंटरनेटच्या जुन्या राउटरचा तो. १२ व्होल्ट, २ अँपिअर. त्याच्या पाठीवर लहानसे चित्र होते: मधला ठिपका धन, बाहेरचे कडे ऋण. घरगुती अडॅप्टर पुष्कळदा असेच असतात. गिटारच्या पेडलांत मात्र बहुधा उलटा संकेत आहे, मध्ये ऋण आणि बाहेर धन. १९७७ पासून निघालेल्या बॉस या जपानी कंपनीच्या छोट्या पेडलांनी तो जगभर रूढ केला. (त्यालाही अपवाद आहेत. १९६६ च्या ‘फझ फेस’सारख्या जर्मेनियमच्या जुन्या धाटणीच्या मंडलांत जमिनीस धन टोक जोडलेले असते, तेव्हा चित्र न पाहता कोणतीही पिन कोठेही खुपसू नये.) एक अँपिअर सोसणाऱ्या डायोडावर दोन अँपिअरांचा उलटा मारा झाला. तो मेला, पण मरण्यापूर्वी त्याने आपले काम केले होते.

हे सिद्ध कसे झाले ते ऐकावे. मुलाने आयसीसाठी सॉकेट बसविले होते, ही त्याची दूरदृष्टी. नवा डायोड झाळला, आणि आम्ही हट्टाने तीच पहिली, ‘उडालेली’ ४५५८ जातीची आयसी सॉकेटात परत बसविली. नवी बॅटरी, गिटारची पिन, मामांच्या कोपऱ्यातील लहान ॲम्प्लिफायर. मुलाने तार छेडली आणि शेडीतील पत्रा थरारला. दोन आयसींचे पैसे मुलाने निर्दोष व्यक्तीच्या फाशीपोटी भरले होते!

विक्रेत्याचा समाचार येथे संपला, राहिले दोघे. अध्यापकांच्या चोरीच्या आरोपास आमचे उत्तर कायद्याचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे ५२ वे कलम त्यांनी सवडीने वाचावे. तांत्रिक आरेखनावरून एखाद्या उपयुक्त वस्तूचा निव्वळ कामाचा भाग घडविणे हे तेथे कॉपीराइटचा भंग मानलेले नाही. दुसऱ्याचे नाव व छाप लावून विकणे ही गोष्ट निराळी; ती या मुलाच्या स्वप्नातही नव्हती. उलट आमची तक्रार कारखानदारांविषयीच आहे. काही पेडलवाले आपले मंडल काळ्या राळेत बुडवून विकतात, जेणेकरून ते कोणी वाचू नये आणि अर्थातच दुरुस्तही करू नये. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही उघडले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या प्रयोगशाळेत एक मुलगा मीटर धरतो आणि बाकीचे नऊ त्याची आकडेमोड जर्नलात उतरवून घेतात, त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांस हा हक्क मिळून ते त्याचे करणार काय?

आणि ते जाणकार गृहस्थ! स्वरास मुद्दाम खर आणणे हे त्यांस परके पाप वाटते. मग तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जी जवारी काढतात ती काय आहे? तारेचा निखळ आवाज पुरेसा नाही, त्यात झणत्कार हवा, म्हणूनच ना तो दोरा? ज्या मिरजेच्या कारागिरांनी ही कला पिढ्यानपिढ्या जपली त्यांच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हेच गृहस्थ पेढे वाटीत होते. आमच्या कोंकणी वाचकांस तर याचे नवल वाटावयास नको. मांडोच्या साथीस घुमट आणि व्हायोलिन एकाच बैठकीत बसतात. कोणते देशी, कोणते परदेशी, हे तेथे कोणी विचारीत नाही. पेटी परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत किलकिलेही झाले नाही. त्या तीस वर्षांत घरोघरी, देवळांतून आणि नाट्यगृहांतून पेटी वाजतच राहिली. वाद्यास न ऐकता हद्दपार करण्याचा तो प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

असो. डबी बोलू लागली, तरी दिवा लागलाच नव्हता. मुलाचा चेहरा पुन्हा उतरला. आम्ही म्हटले, दिवा हा साक्षीदार आहे, यंत्र नव्हे. साक्षीदार मुका राहिला म्हणून घटना घडली नाही असे होत नाही. त्याने स्वतःच मीटर उचलला, एलईडीचे पाय तपासले, आणि लांब पाय जेथे धन हवे तेथे आखूड बसविल्याचे शोधून काढले. उलटून झाळताच लाल ठिपका उजळला. मामांनी लेथ थांबवून पाहिले व “अस्सं!” एवढेच म्हणून ते पुन्हा कामास लागले.

शनिवारी कार्यक्रम झाला. मुलगा आता म्हणतो, आवाजाखाली बारीक घरघर येते आणि बोट तारेवर ठेवले की ती कमी होते. जमिनीची तार कोठे सैल आहे ते पाहण्यासाठी मीटर त्याने मामांकडून घरी नेला आहे.