बंपर ऑफर

मंडळी, आमच्या व्हॅनचा पुढचा बंपर फुटला. कसा फुटला ते जरा वेळाने सांगते, कारण पहिले चार दिवस आम्ही चौघांनीही तो विषय शिताफीने टाळला. त्याऐवजी आम्ही शॉपिंग सुरू केलं. टेन्शन आलं की आपल्या पिढीला दुसरं काय सुचतं म्हणा!

आधी व्हॅनची ओळख. मी, नवरा, त्याचा हिंजवडीत नोकरी करणारा मित्र आणि मित्राची सीए बायको, अशा चौघांनी पैसे जमवून गेल्या वर्षी ही सेकंडहँड फोर-बाय-फोर कॅम्पर घेतली. आत दोन फोल्डिंग बेड, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि आरसीवर रीतसर 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद. सोमवार ते शुक्रवार ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि येणारा-जाणारा "ही अँब्युलन्स कोणाची?" असं विचारत असतो. शनिवारी पहाटे ती सह्याद्रीत आणि आम्ही तिच्यात.

तर बंपर. डावा कोपरा फॉग लॅम्पपासून खालपर्यंत तडकला, क्लिपा तुटल्या आणि उरलेला भाग लोंबायला लागला. "एवढ्याशा धक्क्याने फुटतो म्हणजे काय? प्लास्टिकचा डबा आहे नुसता!" नवरा करवादला. त्याच रात्री लॅपटॉप उघडला गेला आणि परदेशातल्या कॅम्पर व्हॅन्सच्या फोटोंचा रतीब सुरू झाला. वाळवंटात उभी असलेली व्हॅन, तिला काळ्या मॅट फिनिशचा जाडजूड स्टीलचा बंपर, वर पाइपची कमान, मधोमध विंच, दोन्ही बाजूंना थाळीएवढे दिवे. एकदम सॉलिड! खोटं कशाला बोलू, मीसुद्धा भाळले. त्या व्हॅन्ससमोर आमची गाडी म्हणजे डबा घेऊन शाळेत निघालेलं बाळ वाटायला लागली.

लगेच चार पक्ष पडले. आयटीवाल्याला विंचसकट पूर्ण स्टीलचा बंपर हवा होता. नवऱ्याचं म्हणणं, कंपनीचा बंपर राहू दे, त्यावर नुसता पाइपचा गार्ड ठोकू. सीएबाईंना अ‍ॅल्युमिनियम पसंत होतं, कारण ते स्टीलपेक्षा बरंच हलकं आणि गंजत नाही. पण किंमत ऐकल्यावर त्यांनीच माघार घेतली. आणि मी? माझी अट एकच. रंग काळा हवा.

शनिवारी आमची वरात नाना पेठेत. गाडीच्या सामानाची खरेदी म्हटली की पुणेकराचे पाय आपोआप तिकडेच वळतात. एका दुकानदाराने अगदी मनासारखा माल दाखवला. स्टीलचा बंपर, वर कमान, किंमत ३५ हजार, फिटिंग फ्री. "ताई, समोरून काहीही येऊ दे, तुमच्या गाडीला ओरखडा उठणार नाही," तो म्हणाला. त्या वेळी मला हे वाक्य फार म्हणजे फार आवडलं होतं.

अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी सीएबाई म्हणाल्या, एकदा मामांना विचारू. मामा म्हणजे आमचे गॅरेजवाले. तीस-एक वर्षं डेंटिंग-पेंटिंगमध्ये घालवलेला माणूस. बोलणं कमी, पान जास्त. आमचा फुटका बंपर त्यांनी आधीच उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता.

"स्टीलचा लावायचाय? आधी इकडे या," मामांनी आम्हाला गाडीच्या उघड्या तोंडापाशी नेलं.

आपण ज्याला बंपर म्हणतो तो खरं तर नुसता बुरखा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर प्लास्टिकचं कव्हर. आमच्या गाडीत त्याच्यामागे फोमची जाड पट्टी होती. तिच्यामागे धातूचा आडवा दांडा आणि तो दांडा चासीला जिथे जोडलाय तिथे दोन छोटे डबे. हे डबे मुद्दाम चेपतील असेच बनवलेले असतात. हलका धक्का कव्हर आणि फोम झेलतात, मोठा धक्का बसला तर डबे चेपतात, आणि उरलेला जोर चासीपर्यंत पोचतो. प्रत्येक थर चेपताना थोडा वेळ मिळतो, आणि तेवढा धक्का आतल्या माणसाला कमी बसतो. एअरबॅगचे सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरला हे मोजतात आणि पापणी लवायच्या आत निर्णय घेतात. त्यांचं गणित कंपनीने याच रचनेवर बसवलेलं असतं. मध्ये चासीला थेट बोल्ट केलेलं स्टील आलं की ते गणित चुकू शकतं. मग एअरबॅग भलत्याच वेळी उघडेल, किंवा हवी तेव्हा उशिरा.

"फोम पार बसलाय," मामांनी पट्टी दाबून दाखवली. "काय ठोकलंत? कुत्रं की डुक्कर?"

चौघेही गप्प. आयटीवाला फोन बघायला लागला. शेवटी मीच बोलले.

मुलगा होता, मामा.

ताम्हिणीहून परतत होतो. संध्याकाळची वेळ, मुळशीच्या बाजूला एका वाडीजवळून गाडी चाललेली. वेग वीस-पंचवीसच्या आसपास. डावीकडच्या उतारावरून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा सायकलवर आला आणि थेट समोर. सायकलला ब्रेक नव्हते, आमच्या गाडीला होते, पण तेवढा रस्ता शिल्लक नव्हता. कचकन ब्रेक, एक धप्प असा आवाज, आणि मुलगा दिसेनासा झाला. ते दोन सेकंद मी आयुष्यभर विसरणार नाही. खाली उतरलो तर तो रस्त्यावर बसलेला, गुडघा धरून, आमच्यापेक्षा सायकलकडेच जास्त काळजीने बघत. त्याच्या काकांना घेऊन दवाखान्यात गेलो, एक्स-रे काढला, पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली. हाड मोडलेलं नव्हतं. गुडघा सोललेला, पोटरी काळीनिळी. बास.

आणि आम्ही चार दिवस काय म्हणत होतो? की बंपर एवढ्याशा धक्क्याने फुटलाच कसा!

मामांनी पान थुंकलं. "ताई, हा फोम इतका बसलाय, म्हणजे तेवढा मार त्याने खाल्लाय. लोखंड असतं तर ते बसलं नसतं. मग पोराच्या पायाने खाल्ला असता." एवढंच बोलून ते दुसऱ्या गाडीकडे वळले.

घरी आलो. लॅपटॉप पुन्हा उघडला, पण या वेळी मॅट फिनिश बघायला नाही. जे वाचायला मिळालं ते खरं तर आधीच वाचायला हवं होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं, की गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. आधार मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायचे नाहीत असं ते कलम सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

"पण आपण गार्ड लावतच नाहीये, अख्खा बंपर बदलतोय," आयटीवाल्याने पळवाट शोधली. "हे इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला समजावून सांगशील का?" सीएबाईंनी एका वाक्यात विकेट काढली.

मग त्या परदेशी फोटोंचं काय? ऑस्ट्रेलियात अशा बंपरना 'रू बार' म्हणतात. 'रू' म्हणजे कांगारू. तिथे मैलोन्‌मैल निर्मनुष्य रस्त्यावर तिन्हीसांजेला समोर कांगारू उडी मारतो, रेडिएटर फुटला तर मदत शेकडो किलोमीटर लांब. पण तिथेसुद्धा रस्त्यावरच्या माणसाला इजा कमी व्हावी म्हणून बुल बारसाठी २००२ पासून मानक आहे. युरोपनेही २००५ मध्ये त्यावर नियम केले. आणि आपला रस्ता? तो गावाच्या मधून जातो. त्यावर शाळेची पोरं, डोक्यावर मोळी घेतलेल्या मावश्या, बैलगाडी आणि देवाची पालखी, सगळं चालतं. आपल्या बंपरसमोर कांगारू नाही, माणूस येतो. फोटोत ते दिसत नाही, कारण फोटोतल्या वाळवंटात कुणी राहतच नाही.

राहता राहिला वजनाचा मुद्दा. सीएबाईंनी कागद ओढला. स्टीलचा बंपर अधिक विंच, धरा १०० किलो. हे वजन पुढच्या चाकांच्याही ८० सेंटिमीटर पुढे लटकणार. दोन्ही एक्सलमधलं अंतर धरा २.८ मीटर. सी-सॉसारखा हिशेब केला तर पुढच्या एक्सलवर १०० नाही, जवळपास १२९ किलो वाढतात आणि मागचा एक्सल २९ किलोंनी हलका होतो. म्हणजे नाक खाली, स्टिअरिंग जड, पुढची स्प्रिंग कायम दबलेली आणि हेडलाइटचा झोत अलीकडेच पडणार. शिवाय बंपर पुढे जितका बाहेर येतो तितका अ‍ॅप्रोच अँगल कमी होतो. म्हणजे समोरचा चढ बंपर न घासता चढता येईल तो कोन. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २०२० च्या थारचा हा कोन ४१.८ अंश आहे, गुरख्याचा ३९. ऑफ-रोड गाडीला इंजिनीअरांनी जीव तोडून मिळवून दिलेला कोन आपण ३५ हजार मोजून घालवायचा, हा कुठला फंडा?

शेवटी काय घेतलं? ऐका. कंपनीचा तोच प्लास्टिकचा बंपर आणि त्याच्यामागची नवी फोमची पट्टी. मामांच्या अनुभवाप्रमाणे बरेच जण नुसतं कव्हर बदलतात आणि फोम तसाच ठेवतात. बाहेरून गाडी नवी दिसते, आत झेलायला काहीच नसतं. उरलेल्या पैशांत कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीच्या यादीतला चेंबर गार्ड घेतला, कारण घाटातल्या कच्च्या रस्त्यावर दगड बंपरला नाही, खाली ऑइलच्या चेंबरला लागतो. चिखलात अडकलो तर ओढायला चांगला पट्टा आणि दोन डी-शॅकल. तो पट्टा चासीला जोडलेल्या कंपनीच्या टो-हुकलाच अडकवायचा, बंपरला कधीच नाही, हे मामांनी दोनदा बजावलं. विंच नाही. आमच्या ग्रुपमध्ये तसेही तिघे धडधाकट ढकलणारे आहेत. मी स्टिअरिंगवर बसते.

मागच्या रविवारी त्या वाडीत जाऊन आलो. सायकल दुरुस्त करून दिली, ब्रेकसकट. पठ्ठ्या गुडघ्याची खपली दाखवत गाडीभोवती फिरला आणि नव्या बंपरवर बोटाने टकटक केलं.

"हा मजबूत आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. आधीसारखाच आहे," मी म्हटलं.

त्याला ते फारसं पटलं नाही. त्याने मग आत बेड आहेत का ते विचारलं.

बंपर घेण्याआधी हे विचारा

• हा भाग तुमच्या मॉडेलसाठी गाडीच्या कंपनीनेच दिलाय का? 'सगळ्या गाड्यांना बसतो' असं उत्तर आलं तर दुकानातून निघा.

• एअरबॅग, पार्किंग सेन्सर किंवा पुढचा रडार यांच्या आड काही येतंय का?

• वजन किती वाढतंय? आकडा किलोत मागा, 'काही विशेष नाही' असं उत्तर घेऊ नका.

• नंबर प्लेट, इंडिकेटर आणि हेडलाइट पूर्ण दिसतात का? रेडिएटरला वारा मिळतो ना?

• इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारलंय का? फोनवरचं "चालेल" क्लेमच्या वेळी चालत नाही.

• आणि शेवटचा प्रश्न स्वतःला: हा बंपर मी पायी चालत असताना समोरून आला तर?