नट-बोल्ट : ॲक्सल बदलण्याआधी



या सदरात आपण एरवी मिक्सर, इन्व्हर्टर, वाय-फाय अशा घरातल्या यंत्रांबद्दल बोलतो. या वेळचा विषय चिखलातला आहे. पण निर्णय घरातलाच होता, म्हणून लिहितोय.

माझ्या मामेभावाकडे २०१३ सालची थार आहे. बेळगावात पाऊस लागला की हा आणि त्याचे मित्र रविवारी जांबोटीच्या बाजूला जातात. जूनमध्ये एका चढावर गाडी अशी अडकली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गरगर फिरत होतं आणि बाकीची दोन जमिनीवर गप्प उभी होती. शेवटी मित्राच्या जुन्या जिप्सीनं दोर लावून ओढलं. गाडी निघाली, पण अपमान राहिला.

आठ दिवसांत त्याचा फोन. "दादा, पुढचं सस्पेन्शन काढून सॉलिड ॲक्सल घालायचं ठरवलंय. उद्यमबागेत एक मिस्त्री आहे. तू इंजिनिअर आहेस, चल की बघायला."

मी बीई केलंय ते कॉम्प्युटरमध्ये. पण घरात एकदा इंजिनिअर म्हटलं की गळक्या नळापासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं आपल्याकडे येतं. गेलो.

लाटणं आणि दोन हात

आधी फरक समजून घेऊ. स्वयंपाकघरातलं लाटणं दोन्ही टोकांना धरून आडवं ठेवा. डावं टोक वर उचललं की उजवं खाली जातं. सॉलिड ॲक्सल म्हणजे हेच. दोन्ही चाकं एकाच कडक नळीला जोडलेली. डावं चाक दगडावर चढलं की उजवं आपोआप जमिनीवर दाबलं जातं. खडकाळ वाटेवर हीच गोष्ट कामाची असते, कारण टायर जमिनीला टेकलेला असेल तरच गाडी ओढणार. शिवाय डिफरन्शियल त्या नळीतच असल्यामुळे गाडी कितीही दबली तरी त्याच्या खालची उंची तेवढीच राहते.

इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणजे आपले दोन हात. डावा वर गेला म्हणून उजव्याला काही फरक पडत नाही. डांबरी रस्त्यावर हे सुखाचं. एका चाकाखाली खड्डा आला तर दुसरं चाक सरळ चालतं, चाकांबरोबर वरखाली होणारं वजन कमी असतं, स्टीअरिंग नेमकं लागतं. पण प्रत्येक चाकाला वरखाली व्हायला जागा कमी मिळते आणि गाडी दबली की पोटही जमिनीजवळ येतं.

गंमत अशी की २०१० साली आलेल्या थारमध्ये हे दोन्ही प्रकार होते. डीआय मॉडेलला पुढेही पाटे आणि सॉलिड ॲक्सल, तर सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन. टॉर्शन बार म्हणजे लांब पोलादी दांडा. चाक वर गेलं की तो पिळला जातो आणि स्प्रिंगचं काम करतो. भावाची गाडी सीआरडीई.

असा बदल करायची हौस जगात नवीन नाही. टोयोटानं अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपला १९८६ पासून पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, तेव्हापासून तिथले हौशी लोक १९८५ ची गाडी शोधत फिरतात. तिथल्याच सुझुकी साईडकिकचं पुढचं सस्पेन्शन काढून लोक त्या जागी सुझुकी सामुराईचा ॲक्सल घालतात. भावानं नेमका तोच व्हिडिओ पाहिला होता. मामांना दाखवला तर ते हसायला लागले. "अरे, ही तर आमची जिप्सीच!" खरं होतं. सामुराई आणि आपली मारुती जिप्सी एकाच घराण्यातल्या.

मामा फौजेत ड्रायव्हर होते. जिप्सी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. त्यांचं मत एका वाक्यात : "डोंगरात तिच्यासारखी नाही, आणि हायवेला तिच्यासारखी नको."

मिस्त्रीची यादी

उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथच्या शेडमधून वाट काढत आम्ही पोचलो. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. भावानं विचारलं, "मामा, ॲक्सल बसेल ना?" ते म्हणाले, "बसतंय की. ॲक्सल बसवायला काय लागतंय? बाकीचं बसवायला लागतंय."

मग त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. मी फोनमध्ये टिपून घेतलं.

पहिलं, डिफरन्शियलची बाजू. ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला ॲक्सलचा डिफरन्शियल हवा. कुठल्याही गाडीचा ॲक्सल चालत नाही.

दुसरं, गिअर रेशो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो सारखा हवा. नसेल तर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि मधली यंत्रणा पिळून निघते.

तिसरं, स्टीअरिंग. इंडिपेंडंटमध्ये सहसा स्टीअरिंगचा रॅक चेसिसला घट्ट बसवलेला असतो. सॉलिड ॲक्सल पूर्णच्या पूर्ण वरखाली होतो, त्याला तो रॅक जुळत नाही. वेगळा स्टीअरिंग बॉक्स आणि लांब लिंक लागते. त्या लिंकचा कोन चुकला तर खड्ड्यात चाक गेल्यावर स्टीअरिंग न फिरवताच गाडी वळते.

चौथं, कॅस्टर म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. तो कमी पडला किंवा सांधे सैल राहिले, तर वेगात एखादा धक्का बसताच पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे थडथडायला लागतात आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. इंग्रजीत याला 'डेथ वॉबल' म्हणतात. मामांनी मान हलवली. त्यांनी ते अनुभवलं होतं.

पाचवं, जागा. ॲक्सल वर आला की इंजिनच्या ऑइल पॅनला लागू नये म्हणून गाडी तीन-चार इंच उचलावी लागते. उचलली की ब्रेकचे पाइप आखूड पडतात, शाफ्टचे कोन बदलतात, शॉक ॲब्झॉर्बर बदलावे लागतात.

शेडच्या कोपऱ्यात एक गाडी विटांवर उभी होती. पुढचं सस्पेन्शन कापलेलं, ॲक्सल शेजारी पडलेला. "ही कुणाची?" मिस्त्री म्हणाले, "एका पोराची. दोन वर्षं झाली. पैसे संपले, उत्साहबी संपला."

आमच्या क्षेत्रात हे दृश्य ओळखीचं आहे. चालू सिस्टीमचा एक भाग बदलायला घेतात आणि मग कळतं की त्याच्यावर वीस भाग अवलंबून होते. जुनं काढून झालेलं असतं, नवं बसत नसतं.

कायद्याची बाजू

यावर लोक सहसा हसून "चालतंय की" म्हणतात, म्हणून स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विम्याचा प्रश्न वेगळाच. अपघातानंतर सर्व्हेअरनं पुढचा ॲक्सल पाहिला तर आपण काय उत्तर देणार, याचा विचार आधी करावा. स्वतःच्या नुकसानीपेक्षा समोरच्या माणसाचं काही झालं तर, हा प्रश्न मोठा.

चिरे आणि कागदाचा तुकडा

भाऊ हिरमुसला. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मला वाईट वाटलं, कारण अडकण्याची त्याची अडचण खरी होती. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही एक प्रयोग केला. प्रोग्राम हळू चालत असेल तर तो नव्यानं लिहिण्याआधी वेळ नेमका कुठे जातोय ते मोजायचं, हा आमचा नियम. तोच इथे लावला.

परसात जांभ्या चिऱ्यांचे थर रचले आणि पुढचं डावं चाक त्यावर हळूहळू चढवलं. बाकीच्या तिन्ही टायरखाली कागदाचा एकेक तुकडा. ज्या टायरखालचा कागद ओढल्यावर सुटून येईल, तो टायर जमिनीवरून उचलला गेला.

आमची पैज पुढच्या उजव्या टायरवर होती. आधी सुटला तो मागचा डावा! म्हणजे ज्या सॉलिड ॲक्सलनं वाकायला हवं होतं, तोच मागचा ॲक्सल वाकत नव्हता. खाली झोपून बघितलं. पाट्यांच्या शॅकलचे बुश गंजून जाम झालेले, पाट्यांमध्ये वर्षांचा चिखल वाळून बसलेला, एक शॉक ॲब्झॉर्बर संपलेला.

त्याच मिस्त्रींकडून पाटे सोडवून साफ केले, बुश आणि मागचे दोन्ही शॉक ॲब्झॉर्बर बदलले. खर्च ॲक्सलच्या बजेटचा एक छोटा कोपरा. पुन्हा चिरे रचले. या वेळी एक पूर्ण थर जास्त चढेपर्यंत कागद सुटला नाही.

जोडीला दोन सवयी. चिखलात शिरण्याआधी टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर यायच्या आधी परत भरायची, यात आळस नको. दुसरी, चढ चढण्याआधी खाली उतरून पायी वाट बघायची. आणि एक गोष्ट न करण्याची. उंची मिळवायला टॉर्शन बारचे बोल्ट पिळून गाडी वर उचलू नका. गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे लवकर जातात.

ऑगस्टमध्ये तो त्याच चढावर गेला. एक चाक थोडं उचललं गेलं, पण गाडी वर गेली. सॉलिड ॲक्सल असता तर अजून सहज गेली असती, हे मी नाकारत नाही.

स्टूल

खरा निर्णय मात्र त्याआधीच झाला होता. आमच्या आजीला गुडघ्यांच्या उपचारांसाठी दर गुरुवारी याच थारमधून नेतात. घरात दुसरी गाडी नाही. चढायला तिच्यासाठी एक लाकडी स्टूल आहे, भावानंच करून घेतलेलं. प्रयोगाच्या दिवशी तो चिरे उचलत असताना आजी ओट्यावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "गाडी अजून उंच होणार म्हणे?"

तो म्हणाला, "हो, थोडी. चार इंच."

ती एवढंच म्हणाली, "मग स्टूल बदलायला लागेल."

विरोध नाही, तक्रार नाही. तो काही बोलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "दादा, ही गाडी राहू दे. पैसे साठवतो. पुढं कधीतरी एखादी जुनी जिप्सी घेऊ, तिला तर कारखान्यातूनच सॉलिड ॲक्सल आहे."

मला हा मार्ग पटला. ज्या गाडीची रचनाच त्यासाठी केलेली आहे ती घेणं, हे दुसऱ्या गाडीला कापून तसं करण्यापेक्षा शहाणपणाचं. मामा तर आत्तापासूनच जाहिराती बघायला लागलेत.

तुमच्याही घरात एखादी वस्तू पूर्ण बदलायची की दुरुस्त करायची असा वाद चालू असेल, तर आधी एक रविवार मोजमापाला द्या. आणि ती वस्तू आणखी कोण वापरतं, त्यांनाही विचारा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या महिन्यात.